अकरावं प्रकरण आणि न सापडणारी डिस्क

संगणक चालू करायचा, एवढंच काम होतं. बटण दाबायचं, पडदा उजळला की तीन फाइली शोधायच्या आणि जिला हव्यात तिला पाठवून द्यायच्या. तराजूसाहेबांनी या कामाला सकाळी साडेनऊ ते दहा असा अर्धा तास नेमून दिला, कारण दहाला त्यांची दाढीची वेळ होती. त्या दिवशी दाढी झाली नाही. दुसऱ्या दिवशीही झाली नाही. पंधराव्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी "दाढी ठेवताय वाटतं?" असं विचारलं, तेव्हा साहेब एवढंच म्हणाले, "काम चालू आहे."

'तराजूसाहेब' हे काही त्यांचं नाव नव्हे, हे आधीच सांगितलेलं बरं. वजनमापे खात्यात त्यांनी चौतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढली. गल्लीतल्या प्रत्येक दुकानाचा काटा त्यांनी कधी ना कधी उलटा करून खालून पाहिलेला. निवृत्त झाल्यावरही पुडा हातात घेतला की तळहातावर दोनदा वरखाली करत आणि दुकानदार उगीचच घसा खाकरी. हे टोपणनाव गल्लीत तीस वर्षं सुखाने नांदत होतं. ज्याचं होतं त्या एकट्याला ते ठाऊक नव्हतं. आपल्याला सगळे नुसतं 'साहेब' म्हणतात अशी त्यांची समजूत होती आणि ती मोडायला कुणी गेलं नव्हतं.

काम अंगावर आलं ते एका फोनमुळे.

"भावोजी, मी रुग्णालयाच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून बोलतेय," पलीकडून एक बाई म्हणाली. आवाज अगदी धुऊन वाळत घातल्यासारखा स्वच्छ.

"मला मेहुणी नाही," साहेब म्हणाले. "चुकीचा नंबर लागलाय."

"एकोणीस वर्षं एक्स्चेंजवर आहे, भावोजी. माझ्याकडून चुकीचा नंबर लागत नाही. मी ताईंची ऐकणारी."

आता साहेबांना उलगडा झाला. त्यांच्या पत्नी अंधांसाठीच्या बोलक्या पुस्तकांच्या वाचनालयाला पुस्तकं वाचून देत. मागच्या खोलीत बसून, माइकसमोर, रोज सकाळी दोन तास. अकरा वर्षांत बेचाळीस पुस्तकं. गल्लीसाठी त्या 'बाई' होत्या, साहेबांसाठी 'अगं'. आठ महिन्यांपूर्वी त्यांना ताप आला आणि पाच दिवसांत सगळं आटोपलं. इतक्या थोड्या अवधीत एवढी मोठी गोष्ट होऊ शकते, हे साहेबांच्या मापात अजून बसलेलं नव्हतं.

ऑपरेटरबाईंनी जन्मापासून काही पाहिलेलं नव्हतं. आता त्रेचाळीस वर्षांच्या होत्या. रुग्णालयाचं एक्स्चेंज बंद होऊन तिथे यंत्र बसणार होतं. खात्याची परीक्षा पास झाल्या तर कचेरीत टेबल मिळणार होतं, नाहीतर घर. दोनदा नापास झाल्या होत्या आणि वयाच्या अटीमुळे ही शेवटची खेप. परीक्षेचं पुस्तक 'कार्यालयीन कामकाज व सेवानियम', प्रकरणं अकरा. साहेबांच्या पत्नीने आठ वाचून पाठवली होती.

"उरलेली तीनही वाचून झाली होती हो," ऑपरेटरबाई म्हणाल्या. "अकरावं संपलं त्या दिवशी ताईंचा फोन आला होता. म्हणाल्या, आता फक्त साफ करायचंय, दोन दिवसांत पाठवते. मग त्या आजारीच पडल्या. मी इतके दिवस विचारलं नाही, कसं विचारणार? पण परीक्षा आता तेवीस दिवसांवर आलीय. वाचनालयात नव्याने वाचून घ्यायला तीन महिन्यांची रांग आहे."

"उद्या दहाच्या आत मिळेल," साहेब म्हणाले. शासकीय सेवेत राहूनही त्यांनी दिलेली वेळ कधी चुकवली नव्हती. हीच काय ती त्यांची श्रीमंती.

आता त्या खोलीविषयी. ज्या वस्तूचा वापर नाही ती बंद करून सील करावी, ही साहेबांची नोकरीतली सवय घरातही आली होती. पांढऱ्या कागदाची पट्टी, डिंक, वर आडवी सही आणि तारीख. गावाला जाताना गॅसला सील, पाण्याच्या मोटारीला सील. एकदा साखरेच्या डब्यालाही लावलं होतं, साखरेचा खप तपासण्यासाठी. ते बाईंनी तासाभरात फोडलं आणि त्याच पट्टीवर खाली स्वतःची सही केली. बाई गेल्यावर चौथ्या दिवशी साहेबांनी मागच्या खोलीतले खटके बंद करून त्यांना पट्ट्या लावल्या, दार ओढून घेतलं, आणि पुन्हा आत पाऊल टाकलं नाही. लोकांना सांगत, धूळ फार येते.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला त्यांनी संगणकाच्या खटक्यावरची पट्टी रीतसर फाडली, वहीत नोंद केली आणि बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या इंग्रजी ओळी सरासरा धावल्या. मग एका ओळीशी सगळं थबकलं. त्या ओळीत लाल चांदण्या इकडून तिकडे येरझारा घालत होत्या आणि शेजारी सेकंद मोजले जात होते. मर्यादा एक मिनिट तीस सेकंद. मोजमाप दिसलं की साहेबांना धीर येई. त्यांनी नोकरीतलं स्टॉपवॉच काढलं आणि ताडून पाहिलं. अर्ध्या सेकंदाचा फरक भरला, तो क्षम्य होता. वेळ संपल्यावर मात्र यंत्राने जाहीर केलं की आपण आता आणीबाणीच्या अवस्थेत आहात, आणि पासवर्ड मागितला.

साहेबांनी यंत्र बंद करून पुन्हा लावलं. पुन्हा चांदण्या, पुन्हा दीड मिनिट, पुन्हा आणीबाणी. सातव्या वेळी दहा वाजून गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची वेळ चुकली.

अशा वेळी शेजारी असतातच. वरच्या मजल्यावरचे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ जिन्यातूनच म्हणाले, "पंधरा मिनिटं पूर्ण बंद ठेवा. आमच्या बँकेत असंच करायचे."

"आणि चालू व्हायचं?"

"नाही, पण तोवर गिऱ्हाईक निघून जायचं."

मग ते स्वतःच खाली आले, चहा घेतला, यंत्राच्या पेटीला कान लावला आणि डाव्या बाजूला एक चापट मारली. उजव्या बाजूला मारण्यापूर्वी साहेबांनी त्यांचा हात धरला. "ती मारत नसे," ते म्हणाले. बँकवाले एकदम ओशाळले आणि दुसऱ्या दिवशीपासून नुसतेच येऊन शेजारी बसू लागले. माणूस उंटावरचा शहाणा, पण मनाने वाईट नव्हता.

चौथ्या दिवशी दुरुस्तीवाला आला. त्याने पेटी उघडली, मेमरीची पट्टी काढून खोडरबराने खसाखसा घासली, परत बसवली, आणि चांदण्या पाहिल्यावर हात झटकले. "साहेब, हे नेहमीचं विंडोज नाही, लिनक्स आहे. हे साध्या माणसाचं काम नाही. सगळं पुसून दुसरं टाकून देतो. तासाभरात नव्यासारखं."

"पुसून म्हणजे?"

"आत असेल नसेल ते जाणार. कोण वापरतं हे घरात?"

साहेबांनी पेटीचं झाकण स्वतःच बसवलं. दुरुस्तीवाल्याला चहा विचारायचंही ते विसरले, आणि नंतर दोन दिवस त्याबद्दल स्वतःला बोल लावत राहिले.

पासवर्डसाठी ते वाचनालयात गेले, कारण यंत्र वाचनालयाचंच होतं. तिथल्या कारकुनाने एक अर्ज पुढे सरकवला. अर्ज इतका नीटनेटका आखलेला होता की साहेबांनी मनातल्या मनात त्याला दाद दिली.

"वाचकाची सही इथे," कारकून म्हणाला.

"वाचक वारल्या."

"अरेरे. पण पासवर्ड वाचकानेच ठेवलेला असतो. बदलून हवा तर वाचकाने समक्ष यायला हवं, असा नियम आहे."

"अहो, पण वाचक समक्ष येणार कशा?"

कारकुनाने खरोखरच विचार केला. मग एक परिपत्रक काढलं. "वाचक वारल्यास यंत्र चालू स्थितीत परत करायचं. आम्ही ते पुसून पुढच्या वाचकाला देतो. तुम्हाला तर आठ महिने होऊन गेलेत. पंधरा दिवसांत आणून द्या."

"चालू होत नाही म्हणून तर आलोय ना!"

"चालू झाल्याशिवाय मात्र घेता येणार नाही."

दुसरा कुणी असता तर भांडला असता. साहेबांनी आयुष्यभर याच जातीची उत्तरं दिली होती, त्यामुळे त्यांना बोलायला तोंड नव्हतं. आपण ज्यांना ज्यांना असं परत पाठवलं त्यांचे चेहरे घरी येईपर्यंत त्यांना आठवत राहिले.

शेवटी त्यांनी एक्स्चेंजला फोन लावला आणि पराभव कबूल केला. ऑपरेटरबाई चिडल्या नाहीत. उलट म्हणाल्या, "आधी नाही का सांगायचं, भावोजी! माझ्या घरी लिनक्सच आहे. ताईंच्या मशीनवर बसवलं तेव्हा फोनवर मीच सोबत होते. माझी पाळी तीनला संपते, तेव्हा लावा फोन. तुम्ही नुसतं वाचायचं. पडद्यावर आहे ते जसंच्या तसं. अर्थ सांगायचा नाही."

जिला पडदा दिसत नाही तिने डोळे असलेल्याला वाचायला शिकवावं, हे साहेबांना जरा झोंबलं. पण तीनला ते खुर्ची सरसावून बसले.

"पासवर्ड मागतोय," त्यांनी वाचलं.

ऑपरेटरबाई जरा चाचरल्या. "मला माहीत आहे. पण रागवू नका."

"मी कशाला रागवू?"

"लिहा. इंग्रजी अक्षरं, सगळी लहान. टी, ए, आर, ए, जे, यू..."

साहेबांनी एकेक अक्षर दाबलं. "काही उमटत नाहीये."

"उमटत नसतंच. पुढे लिहा. एस, ए, एच, ई, बी."

दाबून झाल्यावर साहेबांनी ती अक्षरं मनात जोडली. "हे काय आहे?"

"म्हणजे... तुम्हाला ठाऊक नाही? सगळे म्हणतात ना तुम्हाला."

"सगळे म्हणजे कोण?"

शेजारी बसलेले बँकवाले खिडकीबाहेर पाहू लागले. साहेबांची कानशिलं तापली. चौतीस वर्षांची सचोटीची नोकरी आणि पदरात पडलं ते हे! गल्लीचं एक सोडा, बायकोनेही! रोज सकाळी ती हेच नाव टाकून कामाला बसत होती आणि संध्याकाळी समोर चहाचा कप ठेवताना चेहऱ्यावर काही दाखवत नव्हती.

"हसत असे का ती? हे लिहिताना?" त्यांनी विचारलं.

"हो," ऑपरेटरबाई म्हणाल्या. "पण कुणी दुसरं तुमच्यावर हसलं तर त्यांना खपत नसे."

पासवर्ड चालला. मग रोज तीन वाजता कामकाज सुरू झालं. ऑपरेटरबाई सांगत ती अक्षरं साहेब लिहीत आणि उत्तर वाचून दाखवत. पहिल्या दिवशी त्यांनी एका ओळीचा सारांश सांगायचा प्रयत्न केला आणि बोलणी खाल्ली. पण एका फाइलीत छत्तीस चिन्हांचा एक लांबलचक क्रमांक निघाला, आकडे आणि अक्षरं यांची नुसती खिचडी, तो साहेबांनी एका दमात बिनचूक वाचला. काट्यांवरचे क्रमांक वाचण्यात त्यांची हयात गेली होती.

"वा, भावोजी! आता ऐका. या फाइलीत मशीनला कोणकोणत्या डिस्का हजर हव्यात त्याची हजेरी लिहिलेली असते. तुम्ही वाचलात तो दुसऱ्या डिस्कचा क्रमांक. बाहेरून जोडायची पेटी. ताईंचं सगळं वाचन तिच्यावर. आणि प्रत्यक्ष हजर डिस्क दिसतेय एकच. माउस सापडतोय, कीबोर्ड सापडतोय, माइकसुद्धा सापडतोय. ती पेटी नाही."

"म्हणजे यंत्र बिघडलेलं नाही?"

"धडधाकट आहे. त्याला सांगून ठेवलंय, ताईंची डिस्क आल्याशिवाय उठायचं नाही. म्हणून दीड मिनिट वाट बघतं आणि हात टेकतं. त्या ओळीच्या आधी एक कुंपणासारखं चिन्ह टाकलं की वाट बघणं सोडून देईल. लगेच चालू होईल."

"आणि वाचन?"

"ते डिस्कवर. चालू झालेलं मशीन वाचनालयाला देऊन टाकता येईल मात्र."

म्हणजे एका चिन्हात साहेबांची सुटका होती. परिपत्रकाचं समाधान, कारकुनाचं समाधान, खोलीला पुन्हा सील. ऑपरेटरबाईंनी त्यांना काही म्हटलं नसतं. त्यांच्या आवाजावरून कळतच होतं की त्यांनी आशा सोडत आणली आहे.

"राहू दे बघत वाट," साहेब म्हणाले. "पेटी शोधतो."

मग तीन दिवस घर उलटंपालटं झालं. मूठभर काळी पेटी, एवढंच वर्णन हाताशी. बँकवाल्यांनी माळा उपसला आणि बाईंनी जपून ठेवलेल्या रिकाम्या बाटल्यांचं प्रदर्शन मांडलं. साहेबांनी कपाटं पाहिली, पुस्तकांमागे पाहिलं. रद्दीत तर गेली नसेल, या विचाराने त्यांना एका दुपारी घाम फुटला, आणि ते रद्दीवाल्याकडे जाऊन आठ महिन्यांपूर्वीच्या रद्दीची चौकशी करून आले. रद्दीवाल्याने जुना काटा तपासायला साहेब आले असं समजून आधीच गुन्हा कबूल केला. टेबलाचा खालचा खण त्यांनी दोनदा उघडला. त्यात बाईंचा राखाडी स्वेटर होता. दोन्ही वेळा त्यांनी खण तसाच लोटून दिला.

परीक्षेला पाच दिवस उरले. अठराव्या दिवशी तीनला फोन लागला तेव्हा ऑपरेटरबाई थकलेल्या वाटल्या. "जाऊ द्या, भावोजी. आठ प्रकरणांवर बसते. झालं तर झालं."

"आणखी काही आठवतंय का तिचं? पेटीविषयी?"

"एकदा तक्रार होती त्यांची. पेटी घरघरते आणि तो आवाज माइकमध्ये येतो. मी म्हटलं होतं, कशात तरी गुंडाळून खणात ठेवा."

साहेबांनी फोन टेबलावर ठेवला. खण उघडला. स्वेटरला हात लावायला त्यांना जरा वेळ लागला. लोकर अजून तशीच मऊ होती. आत, बाह्यांची गाठ मारून बांधलेली, काळी पेटी होती.

"सापडली," ते फोनमध्ये म्हणाले. "पण हिच्यावरचा दिवा लागत नाहीये."

"दिवा लागत नाही म्हणजे वीज नाही. तिला वेगळी वीज लागते. वायर कुठे जाते ती हाताने चाचपत जा. डोळ्यांनी नको."

वायर खणाच्या मागून निघाली, टेबलाखालून भिंतीशी गेली, कपाटाच्या आडोशाला असलेल्या एका जुन्या खटक्यापाशी पोहोचली. साहेब गुडघे टेकून वाकले. खटका बंद होता आणि त्याच्यावर पांढऱ्या कागदाची पट्टी होती. वर आडवी सही. खाली तारीख, बाई गेल्यावर चौथ्या दिवसाची.

हा खटका त्यांनी शोधाशोधीत किमान पाच वेळा पाहिला होता. तो कधीच मोडीत गेलेल्या टेबलपंख्याचा आहे, अशी त्यांची खात्री होती. शिवाय सील केलेल्या वस्तूचा संशय घ्यायचा नसतो. दुरुस्तीवाल्याने "सगळे खटके चालू आहेत ना?" असं विचारलं होतं, तेव्हा "जे चालू असायला हवेत ते आहेत," असं त्यांनीच ठणकावलं होतं.

"काय झालं, भावोजी?"

"गुन्हेगार सापडला," साहेब म्हणाले. "माझ्याच खात्यातला आहे."

सील फोडताना पंच लागतो म्हणून त्यांनी बँकवाल्यांना खाली बोलावलं. बँकवाल्यांनी पट्टी निरखली. 'काखेत कळसा' एवढं त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण साहेबांच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी गावाचा वळसा गिळून टाकला. सही नेहमीसारखी सरळ नव्हती, हे दोघांनीही पाहिलं. असल्या थरथरत्या सहीचं सील साहेबांनी नोकरीत कधी मान्य केलं नसतं. त्यांनी पट्टी फाडली, खटका दाबला. पेटीवर हिरवा दिवा लागला आणि ती बारीक आवाजात घरघरू लागली.

या वेळी चांदण्या आल्याच नाहीत. ओळी धावल्या आणि संगणक उघडला. नववं, दहावं, अकरावं, तिन्ही प्रकरणं जागेवर होती.

"आता साफ करायचं," ऑपरेटरबाईंचा आवाज आनंदाने चढला होता. "ऐकत जा, मध्ये काही नको असलेलं आलं की निवडा आणि कापा. आणि मोकळ्या जागासुद्धा कापा, माझा वेळ वाचेल."

"नको असलेलं म्हणजे काय?"

"ते मला काय माहीत? ताई मला साफ करूनच पाठवायच्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी दाढी केली आणि नववं प्रकरण लावलं. "प्रकरण नववे. पत्रव्यवहार," ती म्हणाली. साहेब उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभे राहिले. मग परत येऊन पुन्हा पहिल्यापासून लावलं. तिसऱ्या वेळी त्यांना बसून राहता आलं.

ती वाचत होती आणि मध्येच दुरून कुणीतरी ओरडलं, "अगं, माझा चष्मा कुठेय?" ती थांबली. "फ्रीजवर." मग तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून. पुढच्या पानावर, "अगं, दारावर कोण आहे बघ." मग, "अगं, आज वार कोणता?" मग, "काय वाचतेस ते! 'पृष्ठांकन' म्हण, 'पृष्टांकन' नाही!" प्रत्येक वेळी ती थांबत होती, उत्तर देत होती आणि वाक्य पुन्हा सुरू करत होती. नवव्यात हा गृहस्थ चौदा वेळा आला, दहाव्यात सोळा वेळा. इतका वाईट, हेकट आवाज आपला असेल असं साहेबांना वाटलं नव्हतं. बेचाळीस पुस्तकं, अकरा वर्षं, सकाळी तो जिथे जिथे घुसला तिथून दुपारी तिने त्याला एकट्याने बसून काढलं होतं, आणि कधी तक्रार केली नव्हती.

त्यांनी कापायला घेतलं. पण स्वतःला कापलं की तिचं उत्तरही कापावं लागे. 'फ्रीजवर.' 'आले हो.' 'बुधवार.' 'बरं, पृष्ठांकन.' एवढ्या मोठ्या डिस्कवर ती बाकी सगळ्या जगाशी बोलली होती. त्यांच्याशी बोललेलं इतकंच होतं. साहेबांनी मूळ फाइल बाजूला ठेवून तिची नक्कल केली आणि नकलेतून सगळं काढलं. दुपारपर्यंत नववं आणि दहावं गेलं. ऑपरेटरबाईंचा फोन आला, "अगदी ताईंसारखं स्वच्छ झालंय. अकरावं कधी?"

अकरावं प्रकरण रजेचं होतं. "रजा हा हक्क म्हणून मागता येणार नाही," ती वाचत होती. यात तो गृहस्थ बराच वेळ आलाच नाही. मग परिवर्तित रजेच्या कलमाशी ती स्वतःच अडखळली आणि हसली. "अहो! या ना इकडे जरा. ही परिवर्तित रजा म्हणजे काय ते मला नीट सांगा. नुसतीच वाचतेय मी. तुमचा तर हातखंडा आहे. खुर्ची ठेवलीय बघा तुमच्यासाठी."

दुरून आवाज आला, "आलो, आलो. पाच मिनिटं."

खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. त्यानंतर काही नाही. पडद्यावर आवाजाच्या लाटांच्या जागी नुसती सरळ रेघ होती, चार मिनिटं नऊ सेकंदांची. मग तिने घसा साफ केला आणि पुढे वाचायला लागली.

त्या दिवशी आपण काय करत होतो? साहेबांनी खूप आठवून पाहिलं. पेपर वाचत होतो? कुणाशी बोलत होतो? काही केल्या आठवेना. एवढं महत्त्वाचं काही असतं तर आठवलं असतं.

त्यांनी नकलेतून तिचं बोलावणं कापलं, स्वतःचं 'आलो' कापलं, मोकळी जागा कापली आणि अकरावं प्रकरण पाठवून दिलं. "मिळालं," ऑपरेटरबाई म्हणाल्या. "आता पुढचं माझ्यावर, भावोजी. ताईंचं नाव राखीन." साहेबांना काहीतरी बोलायचं होतं, पण त्यांनी फक्त नीट अभ्यास करा म्हणून सांगितलं.

मग त्यांनी खोलीचं दार लोटलं, भिंतीशी असलेली दुसरी खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि मूळ फाइल लावली. "अहो! या ना इकडे जरा," ती म्हणाली. दुरून तो म्हणाला, "आलो, आलो. पाच मिनिटं." खुर्ची सरकली आणि शांतता सुरू झाली.

"हे बघ," साहेब म्हणाले. खुर्ची आणखी जवळ सरकवून ते पुन्हा म्हणाले, "हे बघ, अगं, काही अवघड नाही. मुळात असते अर्ध्या पगाराची रजा. ती साठत जाते. माणूस आजारी पडला आणि डॉक्टरचा दाखला जोडला, की तीच रजा पुऱ्या पगाराची करून मिळते, पण दिवस निम्मे. पुस्तकवाल्यांनी उगीच बोजड करून ठेवलंय. आता उदाहरण घेऊ. समजा, तुला ताप आला..."

इथे त्यांना थांबावं लागलं. टेबलावरचा माइक ते रुमालाने पुसत बसले. पुन्हा सुरुवात करणार तेवढ्यात तिने घसा साफ केला आणि पुढचं कलम वाचायला घेतलं. साहेबांचं उदाहरण अर्धवट राहिलं होतं, पण त्यांनी तिला मध्ये तोडलं नाही. प्रकरण संपेपर्यंत ते त्या खुर्चीवर बसून राहिले.